आधी मोजे, मग पाऊस

माझं काम जुनी पुस्तकं आणि जुन्या कागदपत्रांची दप्तरं दुरुस्त करण्याचं. फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी लावायची, उसवलेली शिवण पुन्हा घालायची आणि उरलेला वेळ ओलीवर पहारा द्यायचा. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली आणि तिथेच बसली की बुरशी धरायला लागते, हे मी शिकाऊ मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की आता मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणतात. तर अशा बाईला पाऊस आवडणार कसा? एकदा रात्रभर छत गळून नोंदवह्यांची अकरा बाडं भिजली. दोन दिवस आम्ही पंखे लावून पानापानांत टिपकागद घालत बसलो, कारण ओल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवससुद्धा पुरतात. त्यानंतर आभाळ भरून आलं की माझ्या पोटात गोळा यायचा, मग मी घरी असले तरी.

आज मला पाऊस आवडतो. एका सरीत घडलं नाही ते, तीन पावसाळे गेले. कसं जमलं ते इथे लिहिते आहे, कारण ‘मनमोकळं भिजा, लहान मूल व्हा’ छापाच्या सल्ल्यांनी मला कधीच काही झालं नाही. भिजल्यावर मी लहान मूल होत नाही, मला शिंका येतात.

पहिलं काम कागदावर. पावसाबद्दलच्या सगळ्या तक्रारी लिहून काढा. अट एकच, ‘पाऊस’ हा शब्द वापरायचा नाही. माझी यादी अशी होती: मोजे ओले होतात. चष्म्यावर थेंब बसतात आणि मला समोरचं दिसत नाही. पिशवीतले कागद दमट होतात. दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात आणि जीव जड होतो. कपडे वाळत नाहीत, वास मारतात. छत्री दुसऱ्यांच्या डोळ्यांत जाते (हे खरं तर माझ्या उंचीचं दुखणं). सगळं लिहून झाल्यावर वाचलं, तर पावसाविरुद्ध असं त्यात काहीच नव्हतं. मोजे होते, चष्मा होता, काळोख होता. कागदाची दुरुस्ती करताना आम्ही हेच करतो. ‘पुस्तक खराब झालंय’ असं कुणी म्हटलं की विचारतो, नक्की काय झालंय? शिवण, पाठ, पान की डाग? प्रत्येकाचं औषध वेगळं.

पाय, डोळे, पिशवी

पायांपासून सुरुवात करा, कारण पाय थंड असताना सौंदर्य वगैरे काही सुचत नाही. हवेपेक्षा पाणी वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून ओला मोजा म्हणजे नुसती गैरसोय नाही, ती पायातली ऊब ओढून घेणारी चीज आहे. सुती मोजे पाणी पितात आणि धरून ठेवतात. लोकरीचे भिजले तरी बऱ्यापैकी ऊब राखतात. मी त्याहून सोपं केलं. एक कोरडा जोड, घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, कायम बरोबर. पोचल्यावर मोजे बदलायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांनी माझी निम्मी तक्रार संपवली. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. पहिला बोळा सगळ्यात जास्त पाणी ओढतो, तोच रात्रभर ठेवला तर उपयोग अर्धा. हीटरसमोर बूट ठेवू नका, चामडं कडक होऊन तडकतं आणि तळ चिकटवलेला डिंक सुटतो. डिंकाबद्दल मी खात्रीने बोलू शकते.

चष्मेवाल्यांनी रेनकोटच्या टोपीखाली पुढे झाप असलेली साधी टोपी घालावी. एवढंच. याला मला वीस वर्षं लागली.

पिशवीला बाहेरून आवरण घालण्यापेक्षा आतल्या वस्तू पिशवीत बांधून ठेवणं बरं, कारण बाहेरचं आवरण वाऱ्याने उडतं आणि पाणी पाठीकडच्या बाजूने शिरतंच. कापडी रेनकोटावर पाण्याचे मणी उभे राहायचे थांबले आणि कापड ओलं दिसायला लागलं, तर तो लगेच टाकू नका. बहुधा मळामुळे वरचा थर काम करेनासा झालेला असतो. लेबल वाचून सौम्य धुवा. परवानगी असेल तर थोडी उष्णता द्या. छत्री मिटून कोपऱ्यात उभी करायची नाही, उघडून वाळवायची. आणि पळावं की चालावं हा जुना वाद: तेवढंच अंतर जायचं असेल तर पळणारा कमी भिजतो, पण फरक वाटतो त्याहून थोडा असतो. मी चालते.

काळोख

हा भाग मला सगळ्यात जड गेला. पावसाळी दुपारी मन उतरतं, आणि आपण दोष देतो बाहेरच्या आभाळाला.

आमच्याकडे प्रकाश मोजायचं यंत्र असतं. जुना कागद प्रदर्शनात मांडायचा तर त्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच उजेड पडू द्यायचा, नाहीतर शाई उडते. एका कुंद दुपारी मी ते यंत्र घरी आणलं होतं. गंमत म्हणून माझ्या नेहमीच्या खुर्चीत लावून पाहिलं: ६०. म्हणजे मी स्वतःला जुन्या हस्तलिखितासारखं जपत होते. खिडकीला टेकून उभी राहिले तर आकडा हजाराजवळ गेला. दाराबाहेर, आडोशाला, पाऊस कोसळत असताना, चार हजारांच्या वर. स्वच्छ उन्हात लाखाच्या आसपास लक्स असतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण डोळ्यांना जो दिवस ‘अंधारलेला’ वाटतो, त्या दिवशीही बाहेर घरातल्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. डोळा तडजोड करतो म्हणून ते कळत नाही.

मग मी खुर्ची हलवली. पावसाच्या दिवसांत बसायची जागा खिडकीपासून हातभर अंतरावर, तोंड बाहेर, आणि सकाळी अर्धा तास तरी दाराबाहेर. ज्यांना आभाळ दाटलं की आठवडेच्या आठवडे उठवत नाही, जेवण-झोप बिघडते, त्यांनी खुर्ची हलवण्यावर थांबू नये, डॉक्टरांशी बोलावं. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर उपचार आहेत.

दहा मिनिटं, एकच इंद्रिय

तक्रारी आवरल्या की मग पाऊस. पण लगेच चालायला निघू नका. आडोशाला उभं राहायचं, दहा मिनिटं. एका दिवशी एकच काम: एक तर ऐकायचं, नाहीतर हुंगायचं, नाहीतर बघायचं. सगळं एकदम करायला गेलं की तिसऱ्या मिनिटाला माणूस फोन काढतो.

ऐकण्याच्या दिवशी डोळे मिटा आणि आवाज मोजा. पडणाऱ्या थेंबाचा स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. वाजते ती वस्तू. पत्रा, रुंद पान, ताणलेली छत्री, मोकळी माती, गाडीचं टप, पागोळ्यांखालचा दगड. पहिल्या दिवशी मला तीन आवाज सापडले, महिन्याभराने अकरा. साचलेल्या पाण्यातली ‘टुबुक’ मात्र थेंब आपटण्याची नसते. थेंब पडतो, पाण्यात खळगा होतो, खळगा मिटताना खाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो आणि तो थरथरतो, त्याचा तो आवाज. गळणाऱ्या नळाखालच्या बादलीतही हेच चालतं. हे कळल्यापासून मला गळक्या नळाचा राग थोडा कमी येतो. नळ मात्र दुरुस्त केला.

हुंगण्याला वेळ साधावी लागते. मृद्गंध सगळ्यांना आवडतो, पण तो हवा तेव्हा सापडत नाही, याला कारण आहे. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोरड्या दिवसांत झाडांतून निघणारी तेलं माती-दगडांत मुरतात आणि ओल आली की हवेत सुटतात. त्याच्या जोडीला असतं जिओस्मिन, मातीतले जिवाणू तयार करतात ते. आपलं नाक जिओस्मिनला इतकं तिखट असतं की हवेच्या लाख कोटी कणांत त्याचे मोजके कण असले तरी ते ओळखतं. मग २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं, की थेंब सच्छिद्र जमिनीवर पडला की त्याच्या तळाशी बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि तुषार उडवतात. वास वर येतो तो असा. हे हलक्या आणि मध्यम पावसात चांगलं घडतं, धो धो कोसळताना नाही.

म्हणून करायचं काय, तर चार-सहा कोरड्या दिवसांनंतर हलकी सर सुरू झाली की पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बाहेर यायचं, मोकळ्या मातीपाशी, आणि खाली उकिडवं बसायचं. उभ्याने कमी येतो. फरशीवर तर फारच कमी. मुसळधार लागल्यावर निघालात तर वास गेलेला असेल आणि तुम्ही म्हणाल, मला काही येत नाही बुवा.

पिठातले थेंब

बघण्याचा धडा मला भाचीने दिला. ती दहा वर्षांची होती, शाळा सुटली होती, बाहेर टपटप चालू होती आणि मी खिडक्या तपासत फिरत होते. “मावशी, थेंब केवढा असतो गं?” मी म्हटलं, एवढा. “एवढा म्हणजे किती मिलिमीटर?” मोजपट्टीवर जगणाऱ्या बाईला यापुढे गप्प बसता येत नाही.

हिमकणांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकेतला शेतकरी विल्सन बेंटली याने थेंब मोजायची एक युक्ती वापरली होती, आणि १९०४ मध्ये ती छापूनही आली. पसरट भांड्यात बारीक पीठ घ्यायचं, निदान दोन बोटं जाड. न दाबता सपाट करायचं. झाकण ठेवून पावसात न्यायचं, झाकण दोन-तीन सेकंद काढायचं आणि लगेच परत ठेवायचं. दोन-तीन सेकंदच, जोराचा पाऊस असेल तर एकच. आम्ही पहिल्यांदा दहापर्यंत मोजलं आणि लापशी झाली. आत आणून तासभर तसंच राहू द्यायचं, मग चाळणीने हलक्या हाताने चाळायचं. चाळणीत उरतात त्या पिठाच्या गोळ्या, प्रत्येक गोळी म्हणजे एक थेंब, जवळपास त्याच मापाची. कागदावर ओळीने मांडा आणि मोजा.

त्या दिवशीच्या आमच्या गोळ्या एक ते तीन मिलिमीटरच्या होत्या, एकच मोठी, साडेचारची. सहाएक मिलिमीटरच्या पुढे थेंब टिकत नाही, हवेच्या माऱ्याने फुटतो. आणि चित्रांत काढतात तसा टोकदार शेंड्याचा थेंब आभाळातून पडत नाही. बारीक थेंब गोल असतो; मोठा होत जाईल तसा खालून चपटा होतो, उपडी ठेवलेली वाटी जशी. बुरबुरीचा कण सेकंदाला दोन मीटर किंवा त्याहूनही सावकाश उतरतो, टपोरा थेंब नऊ मीटरच्या वेगाने येतो. ढग दोन किलोमीटर उंच धरला तर नाकावर आपटलेला टपोरा थेंब साधारण पावणेचार मिनिटांपूर्वी निघालेला असतो. भाचीने हा हिशेब केला आणि मग पावणेचार मिनिटं घड्याळ लावून ती वर बघत बसली. मीही बसले. पावसात खिडक्या न तपासता बसण्याची ती माझी पहिली वेळ.

वहीत ‘पाऊस’ लिहायचं नाही

त्यानंतर वही घातली. रोज सकाळी एक ओळ. नियम तोच, ‘पाऊस आला’ असं लिहायचं नाही. मराठीत एवढे शब्द पडून आहेत, ते वापरायचे. शिंतोडे, भुरभुर, बुरबुर, रिमझिम, पिरपिर, सर, झड, संततधार, मुसळधार. झाकोळ. उघडीप. यातली पिरपिर आणि रिमझिम एकच नव्हेत हे लिहायला बसल्यावर कळतं. दोन्ही बारीक, पण रिमझिम ऐकावीशी वाटते आणि पिरपिर कधी एकदा थांबते असं होतं. फरक बहुतेक वेळा थेंबात नसून आपल्यात असतो, पण शब्द निवडताना तो पकडला जातो. बुरबुर म्हणजे छत्री उघडावी की नाही हे ठरेपर्यंत खांदे ओले करणारी. झड म्हणजे तासन् तास न उसंत घेणारी. एक दिवस मी लिहिलं, ‘सकाळी शिंतोडे, दुपारी सर, संध्याकाळी उघडीप’, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा दिवस वाया गेला नव्हता, त्याला सुरुवात-मध्य-शेवट होता.

शब्दांशेजारी आकडा हवा असेल तर सरळ भिंतींची, तळ-तोंड सारख्या रुंदीची काचेची बरणी उघड्यावर ठेवा, झाड आणि छप्पर यांपासून दूर. रोज एकाच वेळी पट्टीने उंची मोजा आणि ओता. एक मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस मिलिमीटरची ‘साधी’ सर शंभर चौरस मीटरच्या छतावर दोन हजार लिटर ओतून जाते. छतांबद्दलचा माझा राग यानंतर बराच निवळला. बिचारी किती झेलतात.

चालायला निघताना

आता चाला. गडगडाट ऐकू आला तर मात्र नाही. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर ती दूर. पण हा हिशेब घरात बसून करायचा खेळ आहे. ऐकू येते म्हणजे ती तुमच्यापर्यंत पोचू शकते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचं. वाहतं पाणी रस्त्यावर आलं असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी परत फिरा, खाली खड्डा आहे की उघडं झाकण हे कळत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो सर थांबल्यानंतरचा पाव तास. झाडं अजून गळत असतात, माणसं बाहेर पडलेली नसतात. दगड, विटा, झाडाची साल यांचे रंग गडद झालेले असतात. पाण्याचा पातळ थर उजेडाला आतल्या आत खेळवतो, कमी उजेड परत येतो, म्हणून ओली वस्तू काळपट आणि रंगाने भरलेली दिसते. कागदावरचा पाण्याचा डाग ओला असताना गडद दिसतो तो याच कारणाने, पण ते मला कामाच्या ठिकाणी कधी सुंदर वाटलं नव्हतं. कोळ्याची जाळी एरवी दिसत नाहीत, त्या पाव तासात दर पाच पावलांवर दिसतात. काही पानांवर पाणी पसरतं, काहींवर मणी होऊन घरंगळतं. बोटाने ढकलून बघा.

ऊन-पाऊस एकदम असेल तर इंद्रधनुष्य शोधायची जागा ठरलेली आहे. उन्हाकडे पाठ करा, जमिनीवर आपल्या डोक्याची सावली बघा. तिच्यापासून ४२ अंशांवर कमान. हात लांब करून बोटं ताणली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश, म्हणजे दोन वितींहून किंचित जास्त. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून कमान दिसतच नाही, म्हणून भर दुपारी मान मोडू नका. सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात बघा. मोठ्या कमानीबाहेर, ५१ अंशांच्या आसपास, दुसरी फिकट कमान असते, रंग उलट्या क्रमाने. दोघींमधलं आभाळ बाकीच्यापेक्षा काळं दिसतं. तो काळा पट्टा एकदा दिसला की मग रंगांपेक्षा आधी नजर तिकडेच जाते.

चौथ्या दिवसाची संततधार मला अजूनही आवडत नाही, हे सांगून टाकते. टॉवेल दमट, दारं फुगलेली, कामावर आर्द्रतेचा काटा ६८ वर आणि सगळ्यांचे आवाज चढलेले. अशा दिवशी मी आवडून घ्यायला जात नाही. कोरडे मोजे, खिडकीपाशी खुर्ची, वहीत एक ओळ, झालं. मागच्या वर्षी अशाच एका दिवशीची ओळ आहे: ‘झड. बरणीत ४१. कंटाळा.’

पिठाच्या त्या गोळ्या भाचीने काडेपेटीत कापूस घालून मला दिल्या होत्या. कामाच्या टेबलावर ठेव म्हणाली. पीठ आणि पुस्तकं एका खोलीत ठेवायची नसतात, कसर लागते, हेही मीच मुलांना शिकवते. म्हणून पेटी घरी आहे, खिडकीत. साडेचारवाली अजून शाबूत आहे.